दहशतीचे बदलते रूप आणि नागरिकांचे भान
(हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरकमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दहशतवादावर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या काळात ही शाळा वाढली, त्याच काळात बंगळूरही वाढले, आणि देशातील प्रत्येक महानगराच्या वाट्याला आलेली भीती याही शहराच्या उंबरठ्यावर आली. त्या भीतीचे रूप कसे बदलत गेले आणि तिचा प्रतिकार कसा बदलला, हे पुढच्या पिढीला ठाऊक असणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

बसवनगुडीकडून दक्षिणेस जाणारा कनकपुरा रस्ता कोणनकुंटे या वस्तीपाशी पोहोचतो. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली. त्या कटाचा सूत्रधार शिवरासन याच कोणनकुंट्यातील एका घरात साथीदारांसह लपला होता. घटनास्थळी मरण पावलेल्या एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातील चित्रांनी तपासाला पहिला धागा दिला होता. घराला वेढा पडला, पण प्रत्यक्ष कारवाईस विलंब झाला. 20 ऑगस्टच्या पहाटे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो आत शिरले, तेव्हा आतील एकही जण जिवंत नव्हता. कटाची सर्वाधिक माहिती ज्यांच्यापाशी होती, ती माणसे न्यायालयापर्यंत आलीच नाहीत.

त्या काळच्या दहशतीचे लक्ष्य बहुधा एखादी व्यक्ती असे. दोनच वर्षांत चित्र पालटले. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह अशा ठिकाणी एकामागून एक स्फोट झाले आणि 257 माणसे मरण पावली. आता लक्ष्य होते ते महानगराचे दैनंदिन जीवन. त्यासाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरले होते, आणि लाच घेऊन डोळेझाक करणारे सीमाशुल्क व पोलीस कर्मचारीही पुढे न्यायालयात दोषी ठरले. सुरक्षेची भिंत पुष्कळदा आतून पोखरली जाते, हा त्या खटल्याचा धडा होय.

बंगळूरच्या ज्ञाननगरी या लौकिकालाही घाव बसला. 28 डिसेंबर 2005 रोजी भारतीय विज्ञान संस्थेत एक परिषद आटोपून विद्वज्जन बाहेर पडत असताना गोळीबार झाला आणि दिल्लीच्या आयआयटीतील गणितज्ञ प्रा. एम. सी. पुरी यांचा बळी गेला. 25 जुलै 2008 रोजी शहरात साखळी स्फोट झाले. मडिवाळ येथील बसथांब्यावर एका महिलेने प्राण गमावले.

त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. तो घडत असतानाच दूरचित्रवाणीवर साऱ्या जगाला दिसत होता, आणि हल्लेखोरांचे सीमेपलीकडील सूत्रधारही तेच प्रक्षेपण पाहून दूरध्वनीवरून त्यांना सूचना देत होते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराची बंदूक हातांनी धरून ठेवली, म्हणून अजमल कसाब जिवंत सापडला. कोणनकुंट्यात जे साधले नव्हते ते येथे एका पोलिसाच्या बलिदानाने साधले, आणि कटाचे धागेदोरे न्यायालयापुढे आले. ताज हॉटेलात लढताना धारातीर्थी पडलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन हे तर बंगळूरचेच सुपुत्र.

या आघातानंतर प्रतिकाराची घडी बदलली. राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. मानेसरहून पथक येईपर्यंत अनेक तास गेले होते. म्हणून राष्ट्रीय सुरक्षा दलाची केंद्रे मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे उभी राहिली. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’, तर कर्नाटकाने ‘गरुड’ दल उभारले. 1 मार्च 2024 रोजी बंगळूरच्या रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला, तेव्हा कॅमेऱ्यांनी टिपलेल्या एका टोपीधारी संशयिताचा माग काढत तपास यंत्रणा दीड महिन्याच्या आत बंगालपर्यंत पोहोचली आणि दोन प्रमुख आरोपींना अटक झाली.

परंतु शस्त्र आणि कॅमेरा यांनी प्रतिकार पूर्ण होत नाही; कायद्याचीही कसोटी लागते. 1985 चा टाडा 1995 मध्ये संपुष्टात आला. 2002 चा पोटा दोन वर्षांत रद्द झाला. दोन्ही कायद्यांवर गैरवापराचे आक्षेप होते. पुढे 1967 च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातच वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. राजीव गांधी हत्या खटल्यात खालच्या न्यायालयाने सर्व 26 आरोपींना फाशी सुनावली होती. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि 19 जणांना हत्येच्या आरोपातून मुक्त केले. मुंबईच्या 11 जुलै 2006 च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सर्व 12 आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. तरी एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या आप्तांना निर्विवाद उत्तर मिळालेले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. घाईने चुकीच्या माणसाला पकडले, तर निरपराध्यावर अन्याय होतो आणि खरा अपराधी मोकळा राहतो. म्हणून निर्दोष तपास ही दहशतीला बळी पडलेल्यांप्रती असलेली पहिली जबाबदारी ठरते.

अखेरीस एका अशा घटनेचे स्मरण उचित ठरेल, जिच्यात बंगळुरात बॉम्ब फुटला नाही. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार, असे संदेश भ्रमणध्वनींवरून पसरले. सहस्रावधी माणसे काम, शिक्षण आणि घर सोडून गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्यांत चढली. सामूहिक लघुसंदेशांवर सरकारला मर्यादा घालावी लागली. दहशत पसरवण्यास स्फोटकांची गरजच उरली नव्हती. खातरजमा न करता संदेश पुढे धाडणारे हजारो सामान्य हात पुरेसे ठरले.

पोलीस दले, तपास यंत्रणा आणि न्यायालये आपापले काम करतील. पण भीतीचा हा शेवटचा मार्ग घराघरांतून जातो आणि तो रोखण्याचे सामर्थ्य घराघरांतच आहे. आलेला संदेश आधी तपासावा, एखाद्याच्या नावावरून वा भाषेवरून त्याला संशयित ठरवू नये आणि जे खरोखरच संशयास्पद दिसेल ते गल्लीत न बोलता पोलिसांना कळवावे, एवढी शिस्त मुलांच्या अंगी बाणली पाहिजे. कन्नड भाषकांच्या शहरात मराठी शाळा इतकी वर्षे नांदली ती शेजाऱ्यांच्या विश्वासावर. दहशतवादाला सर्वांत आधी तोच विश्वास मोडायचा असतो. तो जपणे हेच या शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे आणि पालकाचे कर्तव्य आहे.