एकच मुक्काम



लग्नाचा वाढदिवस घराबाहेर, दोघांनीच कोठेतरी जाऊन साजरा करण्याची जी रीत कृष्णाकाठच्या आपल्या गावांतून गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे, तिच्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी आज येथे आलेली नाही; उलट, ज्या घरात पहिले मूल नुकतेच आले आहे त्या घरातील पतिपत्नींना वर्षातून दोन दिवस तरी एकमेकांशी निवांत बोलता यावे, आणि त्यासाठी वडीलधाऱ्यांनी स्वतः होऊन त्यांना रवाना करावे, अशाच मताची मी आहे. माझे म्हणणे आहे ते त्या दोन दिवसांच्या आखणीविषयी. बाळाला बरोबर घेऊन निघालात, तर मुक्काम एकच ठेवा. मला मिळालेल्या मुदतीत मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण लहान मुलांच्या दवाखान्यात इतकी वर्षे बसल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, आईबाप औषधाची मात्रा कान देऊन ऐकतात, लिहूनही घेतात, आणि विश्रांतीची गोष्ट निघाली की त्यांचे लक्ष दाराकडे जाते.

सांगलीहून शनिवारी पहाटे निघणाऱ्या जोडप्याची यादी कशी असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. साताऱ्याला पोहोचताच सज्जनगड. तेथून कासचे पठार. संध्याकाळी मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी उजाडताच क्षेत्र महाबळेश्वर, मग आंबेनळीच्या घाटाने प्रतापगड. परत फिरून दुपारी पाचगणीचे टेबललँड. पसरणीचा घाट उतरून वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन. आणि मध्यरात्रीच्या सुमारास पुन्हा सांगली. या यादीतील एकही स्थळ टाकाऊ नाही. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गणले गेले ते उगीच नव्हे, आणि रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले वाईचे गणपतीमंदिर, त्याच्या मागची ती माशाच्या आकाराची भिंत आणि समोरचा कृष्णेचा घाट, ही प्रत्येकाने एकदा तरी पाहावीत. परंतु या यादीत दोघांचाच हिशेब धरलेला आहे. तिसरा प्रवासी आठ महिन्यांचा आहे, त्याला दिवसाच्या चोवीस तासांपैकी बारा ते सोळा तास झोप हवी, ती दोनतीन हप्त्यांनी हवी, आणि तिची तजवीज या यादीत कोठेही नाही. गाडीत झोपेल, असे उत्तर मिळते. गाडीत तो झोपतो खरा. पण दर तासा-दीड तासाने वाहनतळ आला, दार उघडले, गार वारा आत शिरला, कोणी कणसे विकायला खिडकीशी आले, की तो दचकून जागा होतो. अशा तुटक झोपेने शिणलेली बाळे सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात येतात, आणि त्यांचे आईबाप विचारतात की, डॉक्टरीणबाई, याला दृष्ट तर लागली नसेल?

घरात दह्याला विरजण लावताना आपण काय करतो ते आठवा. दूध कोमट करतो, बेताचे विरजण घालतो, झाकण ठेवतो, आणि मग ते भांडे एका कोपऱ्यात ठेवून घरातल्या सर्वांना ताकीद देतो की, आता याला कोणी हात लावायचा नाही. दूध कितीही निके असो, दर अर्ध्या तासाने कोणी ते भांडे उचलून, हलवून, झाकण काढून पाहू लागले, तर सकाळी पाणी सुटलेले, ना दूध ना दही असे काहीतरी हाती येते. बाळाची झोप ही अशीच लागावी लागते. तिला एक जागा लागते, एक ऊब लागते, ओळखीच्या दुपट्याचा वास लागतो, आणि एकदा लागू लागली की कोणी न हलवण्याची हमी लागते. थंडीच्या दिवसांत आपण त्या भांड्याला टॉवेल गुंडाळतो, तसे डिसेंबरात महाबळेश्वरला, जेथे वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दव गोठते, बाळाला आपल्याहून एक कपडा अधिक, कान झाकणारे टोपडे आणि पायांत मोजे हवेत. उन्हाळ्यात दही लवकर आंबते म्हणून आपण जपतो, तसे मे महिन्यात सांगलीहून निघायचे ते पहाटेच, ऊन तापण्यापूर्वी सातारा गाठता येईल अशा बेताने. आणि ज्या भांड्यात विरजण लावले त्यातून दुसऱ्या भांड्यात ते मध्येच ओतायचे नसते. एका रात्री महाबळेश्वरची खोली आणि दुसऱ्या रात्री पाचगणीची, हे असे ओतणे झाले. पुन्हा सांगते, मुक्काम एकच ठेवा.

आपल्या आज्यांना हे कोणी शिकवले नव्हते, तरी त्या जाणत होत्या. बाळ-बाळंतिणीला माहेराहून सासरी पाठवायचे ते सवा महिना उलटल्यावर, कित्येक घरांत तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात. बरोबर पाळणा, कुंची, झबली, दुपटी असा सारा सरंजाम. निघायचे ते एका ठिकाणाहून आणि पोहोचायचे ते एकाच ठिकाणी, वाटेत कोणा नातेवाइकाकडे उतरण्याचा आग्रह झाला तर तो हात जोडून नाकारायचा. त्या प्रवासात हौस कमी होती हे खरे, पण बाळाची काळजी पुरेपूर होती.

आता कोणी म्हणेल की, असा एकाच जागी बसून वाढदिवस साजरा करायचा तर घर काय वाईट होते? या प्रश्नाला थोडा वेळ द्यायलाच हवा. घरी त्या आईला दुपारी बाळ झोपले की स्वयंपाकघर बोलावते, धुण्याची बादली बोलावते, पाहुणे बोलावतात. आणि वडील तर घरी नसतातच. एका मुक्कामाच्या सहलीत बाळाची दुपारची झोप ही त्या दोघांच्या मालकीची होते. दोन तास सकाळी, दोन तास दुपारी, आणि रात्री बाळ लवकर निजल्यानंतरचा सगळा वेळ, एवढे निवांतपण नव्या आईबापांना वर्षभरात लाभलेले नसते. वाढदिवस म्हणतात तो हाच. जे जोडपे स्थळांच्या यादीमागे धावते, त्याचे हे तास गाडीत जातात, आणि गाडीतले बोलणे ते काय, तर पुढचे वळण, पेट्रोल आणि वाहनतळाची पावती.

मग मुक्काम कोठे करावा? मला विचाराल तर भिलारला करा. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये असलेले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. आरंभी पंचवीस ठिकाणी, गावकऱ्यांच्या राहत्या घरांतून आणि देवळांतून, मराठी पुस्तकांची दालने उघडली गेली, आणि ज्या घरी पुस्तके त्यांपैकी काही घरी राहण्याचीही सोय आहे. ओसरीवर बाळ निजले आहे, एकजण कवितेचे पुस्तक घेऊन बसला आहे, दुसरीने आत्मचरित्र उघडले आहे, आणि घरची आजी मऊ भात शिजवून देते म्हणाली आहे, याहून मोठी ऐष मला तरी सुचत नाही. घाट चढायची इच्छा नसेल तर खाली वाईलाच राहा. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर डोंगराचे नावच काढू नका. सांगलीकरांना औदुंबर जवळ आहे, दत्ताचे दर्शन घ्या, कृष्णेच्या काठी तासभर बसा आणि दिवेलागणीपूर्वी घरी या.

काही घरांत वाढदिवसाला जोडूनच बाळाला कुलदैवताच्या पायांवर घालण्याचा बेत असतो. पालीचा खंडोबा, शिखर शिंगणापूर, मांढरदेवची काळूबाई. जरूर जा, पण साधा वार पाहून जा, यात्रेचा दिवस टाळा. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत शेकडो भाविकांचे प्राण गेले, हे आपण विसरू नये. दर्शन एका आठवड्याने झाले म्हणून देवी रागावत नाही.

घाटाविषयी थोडे. वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे बारा किलोमीटर, आणि तेवढ्यात आपण सहाशे मीटरच्या आसपास वर चढतो. बाहेरच्या हवेचा दाब झपाट्याने बदलतो आणि कानात दडा बसतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, दडा सुटतो. बाळाला ही युक्ती ठाऊक नसते, म्हणून ते घाटात, आणि उतरताना तर अधिकच, कळवळून रडते, आणि आईबाप खुळखुळा वाजवतात. खुळखुळ्याचा येथे उपयोग नाही. घाटात रुंद, सुरक्षित जागा पाहून गाडी उभी करा आणि त्याला अंगावर घ्या. दूध गिळताना कानाकडची नळी उघडते आणि ते आपोआप शांत होते. चालत्या गाडीत पाजू नका. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज त्याला पाण्याचा थेंबही नको, मे महिन्यातही नको; म्हणजे प्रवासात तुमचा केवढा बाडबिस्तरा वाचतो, पाहा.

पण पाजायचे कोठे? एसटीच्या स्थानकांवर यासाठी हिरकणी कक्ष ठेवलेले आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा घरी तान्ह्या लेकराला सोडून आलेली जी गवळण अंधारात कडा उतरून गेली अशी कथा आपण सांगतो, तिचे नाव त्या खोलीला दिलेले आहे; ती खोली कुलूपबंद दिसली तर किल्ली मागा, संकोच करू नका. आणि मागायची ती आईने नव्हे, वडिलांनी मागावी. बंधूंनो, हे मी तुम्हांला मुद्दाम सांगते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केले. ते कौतुक योग्यच. पण आपल्या घरची जी स्त्री तान्हे मूल घेऊन साताऱ्याच्या स्थानकावर आडोसा शोधते आहे, तिच्यासाठी चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारणे हे नवऱ्याचे काम आहे, आणि लग्नाच्या वाढदिवशी यापेक्षा चांगली भेट तिला द्यायला तुमच्या खिशात काही असेल असे मला वाटत नाही. तसेच, सूर्यास्त पाहायला आपण मित्रांबरोबर कड्यावर आणि ती खोलीत मुलाला थोपटते आहे, असे चित्र मी पुष्कळ पाहिले आहे. ते मला आवडत नाही. एका संध्याकाळी तुम्ही थोपटा, तिला कड्यावर जाऊ द्या. दुसऱ्या संध्याकाळी बाळाला नीट गुंडाळून तिघे मिळून जा. मुक्काम एक असला की हे जमते. यादी असली की जमत नाही. विरजण लावून झाल्यावर भांड्यापाशी थांबण्याची पाळी घरातल्या एकाच माणसावर का यावी?

पावसाळ्यात महाबळेश्वरला जाणाऱ्यांना एवढेच सांगते की, तेथे लंगोट वाळत नाहीत, दुपटी वाळत नाहीत, काहीच वाळत नाही. घरून नेहमीच्या दुप्पट न्या, किंवा ती सहल पावसानंतर काढा.

माझी वेळ संपत आल्याची खूण मला समोरून झाली आहे. गाडीत पुढच्या आसनावर बाळाला मांडीवर घेऊन बसण्याविषयी मला सविस्तर बोलायचे होते, कारण आपल्याकडे ते प्रेमाचे लक्षण समजतात, आणि अचानक ब्रेक लागला तर आईच्या हातांची मिठी त्या धक्क्यापुढे टिकत नाही. मागच्या आसनावर, गाडीला पट्ट्याने घट्ट बांधलेली बाळाची स्वतंत्र खुर्ची हवी, तिचे तोंड मागच्या बाजूला हवे, आणि ती कशी बसवावी हे... ते आता राहू द्यावे लागेल. जवळच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते सांगतील.

तुमच्यापैकी ज्यांनी येत्या महिन्याची आखणी केली आहे, त्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर ती यादी काढावी, एक गाव ठेवावे आणि बाकीची नावे पुढच्या वर्षासाठी बाजूला लिहावीत. प्रतापगड कोठे जात नाही. आणि एक शेवटचे, जे सांगितल्याखेरीज मला येथून उठता येणार नाही. परतताना तुम्ही महाबळेश्वरचा मध घ्याल. तो उत्तम असतो, जवळच्या मांघरला तर २०२२ पासून मधाचे गाव म्हणून मान मिळाला आहे. आजीआजोबांसाठी अवश्य न्या. पण बाळ वर्षाच्या आतले असेल, तर कौतुकाने त्याच्या जिभेला बोट लावू नका, आणि घरी कोणाला लावूही देऊ नका. मधात क्वचित एका जिवाणूची बीजे असतात, मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात आणि बाळाचे अंग लुळे पडू शकते. बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नाही.