दहा-पंधरा दिवसांत शेंगेन व्हिसा? आईच्या फाइलची गोष्ट

प्रवासावरचे भाग सुरू केल्यापासून इनबॉक्समध्ये एक मेसेज हमखास असतो. "दादा, पंधरा दिवसांनी निघायचंय, व्हिसा होईल का?" आता हे देशावर आणि कारणावर अवलंबून आहे. नेपाळला आपल्याला व्हिसा लागतच नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरी बसून ऑनलाइन होतो. खरी पंचाईत शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या २९ देशांच्या सामाईक व्हिसाची. आज त्यावरच बोलू, कारण माझ्या आईचा जर्मनीचा व्हिसा आम्ही घाईत काढलाय आणि त्यातलं काय चालतं, काय चालत नाही हे जवळून बघितलंय.

झालं असं. ताई आणि दाजी श्टुटगार्टला असतात. घरात तीन वर्षांचा भाचा. ताईला सातवा महिना चालू होता आणि एका गुरुवारी रात्री दाजींचा फोन आला, की ताईचं बीपी खूप वाढलंय, डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलंय आणि आता बाळंतपणापर्यंत घरी सोडणार नाहीत. दाजींची शिफ्टची नोकरी. भाच्याला सांभाळायला कोणी नाही. आईचं जायचं ठरलेलं होतं, पण ते दोन महिन्यांनी. पासपोर्ट तयार होता, व्हिसा नव्हता.

मी रात्रभर नियम वाचत बसलो. (सवय आहे, ऑफिसात डॉक्युमेंटेशन वाचणारा मी एकटाच.) तर नियम काय सांगतो? अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा. निर्णयाला साधारण १५ दिवस, आणि त्यांना जास्त तपासणी करावीशी वाटली तर ४५ दिवसांपर्यंत. मोठ्या माणसाची फी ९० युरो, अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. यात लोक एक गोष्ट विसरतात. हे १५ दिवस अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतात. अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे दिवस त्यात धरलेले नाहीत. आणि आम्हाला ऑनलाइन दिसणारी पहिली तारीख होती पाच आठवड्यांनंतरची.

पण त्याच नियमांत पुढे एक वाक्य आहे, ज्याच्यावर आमचं सगळं उभं राहिलं: खरोखर तातडीचं कारण असेल, तर वाणिज्य दूतावास ही १५ दिवसांची अट बाजूला ठेवू शकतो. "ठेवू शकतो" हं, "ठेवतोच" असं नाही. म्हणजे दार आहे, पण ते आतून उघडतं.

सकाळी एका एजंटला फोन केला. त्याने दोन आयडिया दिल्या. पहिली, "दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथून टाका, शेंगेन तर सगळं एकच." नाही, एकच नाही. जिथे मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. आई सगळे दिवस जर्मनीत राहणार आणि अर्ज भलतीकडे, हे कोणाच्याही लक्षात येईल. दुसरी आयडिया आणखी भारी. "बाळंतपणाचं लिहू नका, लोक मुलीकडे जाऊन तिथेच राहतात असं त्यांना वाटतं. टुरिझम लिहा, हॉटेलचं बुकिंग मी बनवून देतो." ग्रामीण भागातली एकसष्ट वर्षांची बाई, जर्मन नाही, इंग्रजी नाही, एकटीच श्टुटगार्ट फिरायला चाललीय! आणि हा सगळा डेटा युरोपच्या व्हिसा प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहतो. आज खोटं बुकिंग सापडलं तर पुढच्या अर्जालाही ते दिसणार. आमच्याकडे खरं कारणच सगळ्यात जोरदार होतं. ते लपवायचं कशाला?

मग वाणिज्य दूतावासाला ईमेल केला. दहा ओळींचा. कोण जाणार, का जाणार, किती दिवस, कोणाकडे राहणार, परत कधी. सोबत हॉस्पिटलचं पत्र, जे दाजींनी वॉर्डातूनच मागून घेतलं. ते जर्मनमध्ये होतं आणि इथे तो फायदाच. पत्रात तारीख, ताईचं नाव, ती ॲडमिट आहे आणि घरी लहान मुलाला सांभाळायला मदत लागेल, एवढं स्पष्ट लिहिलेलं. "आई सीरियस, प्लीज हेल्प" असल्या मेलपेक्षा असं एक पत्र जास्त काम करतं. तीन दिवसांनी उत्तर आलं आणि मुंबईची जवळची तारीख मिळाली.

आता फाइल. बँक स्टेटमेंट, विमा हे सगळे सांगतात, मी पटकन उरकतो. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण शेंगेन भागात चालणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. बाबांची पेन्शन, माझ्या सॅलरी स्लिप, माझे आयटीआर. आईच्या खात्यात होते तेवढेच पैसे दाखवले. कोणीतरी सुचवेल की आदल्या आठवड्यात दोन लाख टाकून ठेव. अजिबात करू नका, असे अचानक आलेले पैसे उलट प्रश्न विचारायला लावतात. दाजींनी तिथल्या ऑफिसातून हमीपत्र घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्याचं नाव आहे फेरप्फ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग, मी तीनदा म्हणून बघितलं. पण त्यासाठी तिथेही अपॉइंटमेंट, म्हणून आम्ही खर्चाची जबाबदारी माझ्या नावावर दाखवली.

अडकलो कुठे, तर नात्याच्या पुराव्यावर. ताई ही आईचीच मुलगी, हे कागदावर दाखवायचं होतं. ताईचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, आणि त्यात आईच्या नावाच्या जागी तिला घरात ज्या नावाने हाक मारायचे ते नाव! पासपोर्टवर वेगळं. गावाकडे हे किती कॉमन आहे तुम्हाला माहीत असेल. माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, आणि प्रत्येक कागदाने आपलं वेगळंच धरलेलं. दाखला दुरुस्त करायला वेळ नव्हता. मग लक्षात आलं, भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतात. ताईच्या पासपोर्टवर आईचं नाव अगदी आईच्या पासपोर्टसारखंच छापलेलं होतं. ते पान, सोबत जन्मदाखल्याचं भाषांतर आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. तिन्ही एकाच क्लिपमध्ये.

दुसरा महत्त्वाचा मुद्दा म्हणजे ती परत येणार हे कशावरून. अधिकारी आपल्याला ओळखत नाही, तो फक्त कागद बघतो. आईला नोकरी नाही, मग दाखवायचं काय? बाबा इथेच, घर इथेच आणि शेत. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून लावलं. आई हसली, "माझं नाव सातबाऱ्यावर आहे ते जर्मनीला कळणार होय!" कव्हर लेटरमध्ये मी परतीची नेमकी तारीख घातली आणि साठच दिवस मागितले. ९० मागता येतात, पण गरज साठचीच होती.

पहाटेच्या शिवनेरीने मुंबई गाठली. केंद्रात प्रीमियम लाउंज विचारतात. खुर्ची चांगली, कॉफी मिळते, गर्दी कमी. निर्णय मात्र वाणिज्य दूतावासच घेतो, आणि लाउंजवाल्याची फाइल तिथे वर जात नाही. वयस्क माणूस सोबत असेल तर आरामासाठी जरूर घ्या, लवकर होईल म्हणून घेऊ नका. आईच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. आयुष्यभर भांडी आणि शेतातलं काम, रेघाच झिजलेल्या. तिथल्या मुलीने न चिडता ओल्या टिश्यूने बोटं पुसून पाचव्यांदा घेतले. हे ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे पुढच्या अर्जाला बहुतेक पुन्हा द्यावे लागणार नाहीत.

थोडं विषयांतर, कारण कोणीतरी विचारणारच. ब्रिटनमध्ये वेग विकत मिळतो: ५०० पाउंड जास्तीचे दिले तर पाच कामाचे दिवस, १,००० दिले तर दुसऱ्या कामाच्या दिवशी निर्णय. पण भरण्याआधी आपल्या केंद्रात ती सेवा चालू आहे का, हे बघा. अमेरिकेत उलट. आधी फी भरून साधी तारीख घ्यायची आणि मग तातडीची मागायची. उपचार, अंत्यविधी ही कारणं चालतात. लग्न चालत नाही, आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं हे तर त्यांनी न चालणाऱ्या कारणांच्या यादीत नाव घेऊन टाकलंय. ताई न्यू जर्सीला असती तर हीच फाइल जवळपास निरुपयोगी होती. कारण तेच, आई तीच, दार वेगळं. मला हे अजूनही पटत नाही, पण आहे असं.

नवव्या दिवशी पासपोर्ट आला. स्टिकर तिथेच तपासा: नाव, दिवस, आणि व्हिसा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालतो ते. दिवस आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत अडीच महिन्यांची दिसली तरी राहायचे दिवस साठच असू शकतात. आईचं तसंच होतं.

तिकीट मी व्हिसा हातात आल्यावरच काढलं. महाग पडलं, पडू दे. फाइलची एक कॉपी तिच्या हातातल्या पिशवीत ठेवली, चेक-इनच्या बॅगेत नाही, कारण विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. आणि त्याने विचारलंच. आईने काही न बोलता हॉस्पिटलचं जर्मन पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, वर बघितलं आणि जाऊ दिलं.

भाची त्यानंतर सहाव्या दिवशी झाली. दोन किलोच्या आत, पण ठणठणीत. भाचा आता आजीशी मराठीत भांडतो.