आजीचं मत घरून: पाच दिवस हातचे घालवू नका

आजचा भाग छोटा आहे, पण घरात आजी-आजोबा असतील तर शेवटपर्यंत ऐका.

माझी आजी ८८ वर्षांची. २०२४च्या लोकसभेला मतदान आठ दिवसांवर आलं, तेव्हा कुठे मी मोबाइलवर घरून मतदान कसं करतात ते शोधायला बसलो. मुदत कधीच संपलेली. शेवटी भर उन्हात तिला खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून केंद्रावर नेलं. चूक आमचीच.

तर नियम असा. वय ८५ पूर्ण असेल किंवा अपंगत्व ४० टक्के वा जास्त असेल, तर घरून टपाली मतदान करता येतं. त्यासाठी नमुना १२-ड भरायचा. बीएलओ तो घरी आणून देतात. अपंगत्व असेल तर प्रमाणपत्राची प्रत जोडायची. भरलेला अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत परत गेला पाहिजे. गंमत इथेच आहे! निवडणूक जाहीर होणं वेगळं, अधिसूचना वेगळी. विधानसभेला घोषणा १५ ऑक्टोबर २०२४ला झाली, अधिसूचना २२ला आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे मतदान तीन आठवड्यांहून जास्त लांब असतानाच अर्जाची मुदत संपली.

त्या वेळी मात्र आम्ही तयार होतो. टपाली म्हटलं तरी पोस्टमन येत नाही. आधी कळवून निवडणूक अधिकाऱ्यांचं पथकच घरी येतं, सोबत व्हिडिओ शूटिंगवाला. पण मत कुणाला दिलं त्याचं शूटिंग होत नाही. मी मदतीला पुढे सरसावलो, तर आजी म्हणाली, "तू बाहेर थांब. मला दिसतंय."

मत नोंदवलं की मतपत्रिका छोट्या पाकिटात बंद करायची. सोबतच्या घोषणापत्रावर सही करायची. त्यावर अधिकारीही सही करतात. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. घोषणापत्रावर सही नसेल तर मोजणीच्या वेळी आतलं पाकीट उघडतच नाहीत, मत बाद! तेवढं नीट बघा.

आणखी दोन गोष्टी. पथक आलं तेव्हा मतदार घरी नसेल, तर ते पुन्हा एकदा येतं, त्यानंतर नाही. आणि एकदा हा अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ज्यांना चालत जायचा उत्साह आहे, त्यांना आधी विचारा.

आपल्याला ही सोय नाही बरं का. सैन्यातले जवान, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी यांची टपाली मतदानाची व्यवस्था वेगळी असते. पण नोकरीसाठी पुण्यात असा की दुबईत, आपल्याला यादीत नाव असेल तिथेच जावं लागतं.

आज एकच काम करा. मतदार यादीत आजीचं वय बरोबर आहे का, बघा. चुकलं असेल तर नमुना ८ भरून आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवडणूक लागल्यावर धावपळ नको.

भेटू पुढच्या भागात!