बारगीर आणि बर्गी

मराठी दप्तरांत ‘बारगीर’ हा शब्द अगदीं निरुपद्रवी आहे. स्वतःचें घोडें आणील तो शिलेदार. धन्याच्या घोड्यावर चाकरी करील तो बारगीर. पुण्यांतील एखाद्या घराण्याच्या वंशावळींत असा पूर्वज निघाला, तर त्याचें नांव कौतुकानेंच घेतलें जातें. हाच शब्द बंगालमध्यें ‘बर्गी’ झाला आणि पाळण्याशीं जाऊन बसला. तेथील अंगाईगीतांत बर्गी येतात, आणि सारा कशानें भरावा ही विवंचनाहि येते.

हें भय काल्पनिक नव्हे. १७४२ मध्यें नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठीं बंगालवर चालून गेले. १७५१ च्या तहापर्यंत या स्वाऱ्या पुनःपुन्हा होत राहिल्या. कलकत्त्यानें स्वसंरक्षणार्थ जो खंदक खणावयास घेतला, त्याचें नांवच ‘मराठा खंदक’ पडलें. गंगाराम नामक बंगाली कवीनें त्याच सुमारास ‘महाराष्ट्रपुराण’ रचिलें. नांवावरून मराठी वाचकास हा स्तुतिग्रंथ वाटावयाचा! त्यांत पोथ्यांचीं ओझीं घेऊन पळणारे पंडित आहेत, तराजू घेऊन पळणारे सोनार आहेत, जळणारीं गांवें आहेत, स्त्रियांची विटंबना आहे. लुटणाऱ्यांचे व लुटले गेलेल्यांचे देव बहुतांशीं एकच होते. कटवा येथें भास्करपंतांनीं दुर्गापूजाहि मांडली होती. गांवकऱ्यांस त्याचा दिलासा तो काय?

मराठी बाजूस आठवण राहिली ती निराळी. १७४४ मध्यें अलीवर्दीखानानें बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून भास्करपंतांस दग्यानें मारविलें. तेंहि खरेंच, पण त्या दग्यानें आधींची जाळपोळ पुसली जात नाहीं. शिवाय पुणेंहि या प्रकरणांत अलिप्त नव्हतें. १७४३ मध्यें बाळाजी बाजीराव पेशवे स्वतः बंगालमध्यें उतरले ते रघूजींना हुसकावण्यासाठीं, आणि त्याबद्दल अलीवर्दीकडून त्यांनीं बावीस लाख रुपये ठरवून घेतले.

पुढें दीडशें वर्षांनीं त्याच बंगालनें शिवाजीउत्सव केला. देवघराजवळ जन्मलेले, मराठी घराण्यांतील पण बंगालींत लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांतील अग्रणी. त्यांच्या पुस्तिकेसाठीं रवींद्रनाथांनीं १९०४ मध्यें ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता दिली. १९०६ च्या उत्सवास पुण्याहून टिळक गेले. शिवाजीमहाराज १६८० मध्यें निवर्तले, बर्गी आले ते त्यानंतर बासष्ट वर्षांनीं; तेव्हां महाराजांस वंदन करून बर्गींचा विषय बाजूस ठेवणें शक्य झालें. राजकारणास तें सोयीचें होतें. इतिहासास मात्र तेवढ्यानें भागत नाहीं.

तें अवघड काम यदुनाथ सरकार यांनीं केलें. शिवचरित्र लिहिणाऱ्या या बंगाली पंडितानें १९३२ मध्यें मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा पहिला खंड काढला, त्यांत बर्गींचे अत्याचार मुळींच सौम्य केले नाहींत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशीं त्यांचा स्नेह तेव्हां बराच जुना होता. तो तुटला नाहीं. १९३६ पासून पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड निघूं लागले, त्या मालेच्या संपादनास हे दोघेच होते.