लेकीचे पुढचे शिक्षण आणि घरचा पैसा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी सणावारांवर. यंदा मला बोलायला सांगितले, तेव्हा मी पैशाचा विषय मागून घेतला. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे विचार मी काय सांगणार? पण माझी थोरली एम.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या शिक्षणाला पैसा कोठून व कसा उभा राहिला, हे चार दारे हिंडून मला जे कळले ते तुमच्यापुढे ठेवते.

मुलगी पदवीधर झाली की घरोघर एकच बोलणे ऐकू येते. "झाली ना पदवी, आता पुरे. पुढे शिकवायला घालायचे ते लग्नाला ठेवू." मुलगा असला तर आई कपाटातल्या पाटल्या काढून देते. मुलगी असली तर त्याच पाटल्या आणखी आत सरकवते. दोन्ही वेळा मनात एकच धरलेले असते, की शिक्षणाचा पैसा म्हणजे घरातला पैसा. माझे म्हणणे असे, की घरातल्या सोन्याला हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. आधी जो परत द्यावा लागत नाही तो पैसा पाहावा. मग शिकता शिकता मिळतो तो. मग बँकेचे कर्ज. आणि एवढे करून उणे पडले तर सोने.

पहिला पैसा फीमाफीचा व शिष्यवृत्तीचा. आपल्या राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये ठराव केला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील ज्या मुलींच्या घरचे वर्षाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ. मात्र प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती निराळी आहे. हे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात.

जिला साधे एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचे आहे, तिनेही निराश होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३-२४ पासून पदव्युत्तर शिक्षणासाठी १०,००० शिष्यवृत्त्या ठेवल्या. महिना १५,००० रुपये, वर्षातून दहा महिने, आणि त्यांतल्या ३० टक्के मुलींसाठी. निवड पदवीच्या गुणांवर होते आणि अर्ज पहिल्या वर्षाला असतानाच करावा लागतो. एम.टेक.ला गेट परीक्षा देऊन गेलेल्यांना तंत्रशिक्षण परिषदेचे महिना १२,४०० रुपये मिळतात. म्हणजे "पुढे शिकायचे तर आपणच द्यायचे" हे सर्वस्वी खरे नाही.

दुसरा पैसा कष्टाचा. रयत शिक्षण संस्थेमुळे 'कमवा आणि शिका' हे शब्द आपल्या कानावरचे आहेत. पुणे विद्यापीठातही या नावाची योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठराविक तास काम करायचे आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. त्याने सगळा खर्च निघत नाही, पण वह्यापुस्तके आणि वरखर्च सुटतो. त्यात कमीपणा मानू नये.

तिसरा पैसा कर्जाचा. ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ज्याने लेक मिळवती होते त्या खर्चाला सणाच्या पंक्तीत बसवू नये. फक्त कर्ज समजून घेऊन काढावे.

आमच्या मुलीची फी माफ झाली, पण वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि संगणक राहिलेच. शैक्षणिक कर्जात हे सारे बसते. आम्ही एका बँकेत गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी "घराची कागदपत्रे आणा" असे सांगितले. आमचे हे तिथूनच परत फिरले. मी मात्र आणखी दोन ठिकाणी विचारले. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. आईने किंवा वडिलांनी सहकर्जदार म्हणून सही करायची असते, तेवढे पुरते. तिसऱ्या बँकेत काम झाले. भगिनींनो, एका खिडकीवर नाही म्हटले म्हणून मुलीला घरी बसवू नका.

आता व्याज. हिशेबाला सोपे म्हणून दहा टक्के धरू. पहिल्या वर्षी १ लाख घेतले, दुसऱ्या वर्षी १ लाख. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. पहिल्या लाखावर तीन वर्षांचे ३०,०००, दुसऱ्यावर दोन वर्षांचे २०,०००. हप्ता सुरू होताना २ लाखांचे अडीच लाख झालेले असतात. म्हणून शक्य असेल त्याने व्याज महिन्याच्या महिन्याला भरत जावे. पहिल्या वर्षी ते महिना साडेआठशेच्या आतच येते. मी चार डबे करते, त्यातून भरते. काही बँका मुलींना व्याजात थोडी सवलतही देतात, ती मागून घ्यावी.

ज्यांचे उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलांचे तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण चालू असतानाचे व्याज केंद्र सरकार भरते. संस्था मान्यताप्राप्त हवी, आणि ही सवलत पदवीला किंवा पदव्युत्तरला, एकदाच मिळते. आमचे उत्पन्न थोडे वर गेले, म्हणून आम्हाला ती मिळाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. सरकारने ठरवलेल्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला, तर तीत तारण वा जामीन न देता कर्ज मिळते.

कोणताही पैसा घ्या, त्याची अट आधी वाचा. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. तिलाही अट होती, की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. सही करण्यापूर्वी अट मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. न समजल्यास पुन्हा वाचायला लावा. आपण कमी शिकलेल्या आहोत म्हणून लाजून नुसता अंगठ्याएवढा विचार करून सही करू नये.

एक नाजूक गोष्ट बोलते. "मुलीच्या नावावर कर्ज असले तर लग्न कसे जमणार?" हे मला माझ्याच जाऊबाईंनी विचारले. मी म्हटले, बोलणी होतील तेव्हा पहिल्याच बैठकीत सांगू. कर्ज इतके, हप्ता इतका, आणि तो मुलगी आपल्या पगारातून फेडील. हे ऐकून जे स्थळ उठून जाईल, ते तिच्या पगारावर डोळा ठेवूनच आलेले असेल. लपवून मात्र ठेवू नये.

सोन्याविषयी सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले. त्या माउलीपुढे दुसरी वाट नव्हती. आपल्यापुढे इतक्या वाटा असताना पहिल्याच दिवशी सराफाकडे जाण्याचे कारण नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. पैशाअभावी जितके अडते तितकेच कागदाअभावी अडते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा किंवा दुर्बल घटकाचा दाखला, आधारला जोडलेले बँकेचे पासबुक, प्रवेशाचे पत्र. जून-जुलैत सेतू केंद्रापुढे रांगा लागतात आणि मुदत टळते. म्हणून दर मे महिन्यात दोन दुपारी आपल्या मंडळाची खोली यासाठी उघडी ठेवावी. ज्यांच्या मुली हे करून बसल्या आहेत त्यांनी यावे, ज्यांना करायचे आहे त्यांनी कागद घेऊन यावे. पहिल्या दुपारी मी आणि माझी थोरली दोघी हजर राहू.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी काढला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आहे. शिकलेल्याने फेडायचे आणि त्यातून पुढच्याने शिकायचे. आपली भिशी तरी दुसरे काय करते? पैसा नाही तरी माहिती आपण अशीच फिरवू शकतो.