सह्याद्रीत दर्या कुठून आला?

या वेळचा भाग किहीमहून. मागे लाटांचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

१९३० साली सालिम अलींनी याच किहीमला सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. लपून बसायचं आणि बघत राहायचं. लिहिणारी माणसं फोन-कॉम्प्युटर कसा वापरतात, हे मीही तसंच बघायचं ठरवलं. कारण विचारलं, की सगळे एखाद्या ॲपचं नाव सांगून मोकळे होतात.

आमच्या वाडीतले एक काका, निवृत्त शिक्षक, कविता करतात. किनाऱ्यावर चालताना सुचलेली ओळ फोनला बोलून दाखवतात, घरी येऊन ती कागदावर उतरवतात आणि मग खोडाखोड. "फोनमध्ये खोडलेलं दिसत नाही रे. काय टाकलं ते दिसायला हवं." आम्ही इंजिनीअर व्हर्जन कंट्रोल म्हणतो ते हेच, नाही का?

मग त्यांनी एक सीडी काढली. १९९८ साली अलिबागला डीटीपी करून घेतलेल्या कविता. मूळ वही पावसात गेलेली. फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! त्या काळच्या बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला चढवलेला मुखवटा असायचा. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत.

म्हटलं, दोन तासांचं काम. लागले तीन वीकेंड. जुन्या फाइलमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. ते जमलं. प्रिंट काढून ऐटीत नेऊन दिली. काकांनी चष्मा लावला. "अरे, सह्याद्रीत दर्या कुठून आणलास?"

मी 'दऱ्या'चा 'दर्या' केला होता! तो आडवा अर्धा र जुन्या फॉन्टमध्ये वेगळाच तुकडा होता, मी त्याला साध्या र् शी जोडला. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' लागतो. स्पेलचेकला यात काहीच खटकलं नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर.

गंमत बघा, विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी स्वतः कवी आणि सुलेखनकार होते. आमच्या टीममध्ये कवी कुठला असायला!

आता काका पेन्सिल घेऊन एकेक कविता आठवून तपासतायत. दोन ठिकाणी त्यांनाच आठवेना, दऱ्या की दर्या. रविवारी परत सीडी घेऊन बसतोय.