ॲबाचा खालचा सूर



‘ॲबा’ या स्वीडिश चौकडीचं नाव काढलं की बहुतेकांना चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट आणि दोन बायकांचे चढे आवाज आठवतात. जाणकार म्हणवणाऱ्यांनी तर ही गाणी बरीच वर्षं ‘पोरासोरांना नाचायला ठीक आहे’ म्हणून बाजूला टाकली होती. आज मला त्या दोन आवाजांबद्दल काही सांगायचं नाही. अग्नेथा आणि फ्रिडा सुंदर गायच्या, यावर कुणाचाच वाद नाही. मला बोलायचंय ते त्यांच्या खाली वाजणाऱ्या बेस गिटारबद्दल.

हा बेस आपल्या लक्षात का आला नाही, याचं कारण अगदी साधं आहे. नेहमीच्या चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. पुढच्या तारेची 55, मग 73, आणि सगळ्यात बारीक तारेचीही 98 च. आपल्याकडे ही गाणी ज्या ट्रान्झिस्टरवर आणि कॅसेट प्लेअरवर वाजली, त्यांचे तळहाताएवढे स्पीकर इतकं खाली उतरतच नाहीत. कान बिचारा वरचे स्वर ऐकून खालचा सूर आपल्या मनानं भरून काढतो. त्यामुळे चाल कळते, पण वजन कळत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर आजही तोच प्रकार. म्हणजे ही गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत खरी, पण तळ वगळून. चांगला हेडफोन कानाला लावला, की ओळखीच्या गाण्यात एक अनोळखी माणूस वाजवताना ऐकू येतो.

त्या माणसाचं नाव रुटगेर गुन्नार्सन. जन्म 1946 चा, स्वीडनमधल्या लिंशोपिंग गावचा. ॲबातले ब्योर्न उल्वेउस आधी ‘हूटेनॅनी सिंगर्स’ नावाच्या लोकगीतं गाणाऱ्या मंडळीत होते, तिथपासूनची या दोघांची सोबत. पुढे ॲबाच्या पहिल्या पर्वातल्या प्रत्येक अल्बमवर रुटगेर वाजले. काही गाण्यांवर माइक वॉटसन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या वादकाचाही हात आहे, पण मुख्य माणूस रुटगेर. 6 एप्रिल 1974 ला ब्रायटनमध्ये ‘वॉटर्लू’नं युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, तेव्हा रंगमंचावर हे होतेच. पण कॅमेरा कुणावर होता हे सांगायला नको. पंगतीत वाढपी सगळ्यांना दिसतात, आचारी कुणाला दिसत नाही.

या गाण्यांची कामाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. चाली रचणारे बेनी अँडरसन आणि ब्योर्न नोटेशनवर काम करणारे नव्हेत. बेनी पियानोवर, ब्योर्न गिटारवर गाणं वाजवून दाखवायचे आणि वादकांनी त्यावरून आपापला मार्ग काढायचा. बेसनं नेमकं काय वाजवायचं याचा तयार कागद नसल्यावर चांगला वादक नुसता कॉर्डचा मूळ स्वर धरून बसत नाही, तो स्वतःची चाल बांधतो. रुटगेरनं तेच केलं. त्यांच्या बेसमध्ये गाता येण्यासारख्या ओळी असतात. वर गायिका श्वास घ्यायला थांबली, की खालून एक छोटीशी हरकत येते. ती गायला लागली, की हा पुन्हा शहाण्यासारखा गप्प. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो टेपचा वेग किंचित बदलून वाद्यांवर वाद्यांचे थर चढवत. एवढ्या गर्दीत बेसची ओळ वाचते, याचं श्रेय मी दोघांना देतो.

आता ‘डान्सिंग क्वीन’ घेऊ. या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1975 मध्ये सुरू झालं आणि रेकॉर्ड बाजारात आली 1976 मध्ये. जॉर्ज मॅक्रे यांचं ‘रॉक युअर बेबी’ हे तालासाठी डोळ्यांसमोर होतं. ड्रमवर रॉजर पाम, बेसवर रुटगेर. शब्द, गायन यातलं काहीच नव्हतं तेव्हा बेनींनी नुसत्या वाद्यांची टेप घरी नेऊन फ्रिडाला ऐकवली आणि तिला रडू आलं. ही गोष्ट नेहमी त्या गाण्याचं कौतुक म्हणून सांगितली जाते. मला त्यातला तपशील महत्त्वाचा वाटतो. ती रडली तेव्हा गाण्यात गाणं नव्हतंच. ताल होता, पियानो होता, बेस होता.

नीट ऐका. सुरुवातीला वर पियानो ‘ए’ आणि ‘डी’ अशा दोन कॉर्डमध्ये झोके घेतो, पण बेस ‘ए’ सोडत नाही. आधारस्वर धरून ठेवण्यात आपल्या कानाला काही नवल नाही. तानपुरा तेच करतो. नवल पुढे आहे. ध्रुवपदाकडे जाताना कॉर्ड बदलायला लागतात, तसा बेस धरलेली जागा सोडून चालायला लागतो, आणि सगळं गाणंच पुढे झुकल्यासारखं वाटतं. नाचायला पाय उचलतो तो इथे. गाण्यात आनंदाबरोबर एक हुरहुर आहे असं सगळेच म्हणतात. माझ्या मते ती हुरहुर शब्दांत कमी आणि या धरण्या-सोडण्यात जास्त आहे.

पण रुटगेरचं एकच गाणं निवडा म्हटलं, तर मी ‘द नेम ऑफ द गेम’ निवडीन. साल 1977. हे गाणं सुरूच बेस आणि सिंथेसायझरवर होतं. संथ, जड पावलांचा तो ठेका. दोन स्वरांच्या मध्ये मोकळी जागा इतकी, की वाटतं वादक चुकला की काय. आणि तेवढ्यात पुढचा स्वर बरोब्बर पडतो. प्रेरणा होती स्टीव्ही वंडर यांच्या 1976 च्या ‘आय विश’ची. ॲबावाल्यांनी ते लपवलं नाही. पण अमेरिकन गाण्यात जी मस्ती आहे ती इथे नाही. इथे एक मुलगी चाचपडत प्रेमात पडतेय, आणि बेस तिच्यासारखाच बिचकत चालतो. पुढे ध्रुवपदात आवाजांचे थर उघडतात तेव्हा तोच बेस मोकळा होतो. वीस वर्षांनी ‘फ्यूजीझ’ या अमेरिकन रॅप मंडळींनी या गाण्याचा तुकडा परवानगी घेऊन आपल्या गाण्यात वापरला. त्यांच्या कानांनी बरोबर जागा पकडली होती.

1979 चं ‘ॲज गुड ॲज न्यू’ मात्र निव्वळ गंमत आहे. सुरुवातीला दरबारी थाटाची व्हायोलिनं. आता कुणीतरी सरदार जिना उतरून येणार असं वाटतं, आणि त्याऐवजी फंकी बेस दणकन आत शिरतो. रुटगेर ॲबासाठी तंतुवाद्यांची मांडणीही करत, त्यामुळे वरची व्हायोलिनं आणि खालचा बेस एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्याच अल्बममधलं ‘वुले वू’ मायामीत मुद्रित झालं, तिथल्याच वादकांना घेऊन. चोख वाजलंय. तरी दोन्ही पाठोपाठ ऐकलीत तर मायामीचा बेस नाचवतो आणि स्टॉकहोमचा बेस नाचवता नाचवता काहीतरी सांगतो, हा फरक कळेल. हा माझा पक्षपात असेल, असू दे.

स्वीडनमध्ये बेसला असं बोलतं करणं रुटगेरच्या आधीही झालं होतं. 1964 मध्ये यान योहान्सन या पियानोवादकानं जुन्या स्वीडिश लोकगीतांची एक जॅझ रेकॉर्ड काढली. वाद्यं दोनच, पियानो आणि गेओर्ग रीडेल यांचा उभा बेस. ड्रम नाहीत, काही नाही. ती रेकॉर्ड तिकडे घरोघर गेली. खालचं वाद्य कान देऊन ऐकायची सवय त्या लोकांना होती, असं म्हणायला जागा आहे.

आणि आपलं काय? ॲबाचं ‘मम्मा मिया’ 1975 चं. दोनच वर्षांत ‘हम किसीसे कम नहीं’ या हिंदी चित्रपटात पंचमनं, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांनी, त्याच्यावरून ‘मिल गया हमको साथी’ केलं. उचललं म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण पंचमच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारखे बेस गिटार वाजवणारे कसलेले लोक होते आणि खालच्या सुराची किंमत पंचमला पुरती ठाऊक होती. पंचमची गाणी आपण मान डोलावत ऐकतो ती अर्धी त्या बेसवर, आणि त्या वादकांची नावं आपल्यालाही धड सांगता येत नाहीत. तेव्हा ॲबाच्या श्रोत्यांना हसायला नको.

1980 नंतर ॲबाच्या गाण्यांत सिंथेसायझरचा वापर वाढला आणि बेसचं बरंच काम बेनींच्या बोटांखाली गेलं. 1982 चं ‘द डे बिफोर यू केम’ जवळजवळ सगळं यंत्रांवर उभं आहे. गाणं थोर आहे, एका बाईच्या एकसुरी दिवसाला ते यंत्र शोभतंही. पण खाली माणूस नाही, हे कळतं. रुटगेर पुढे बेनी-ब्योर्न यांच्या ‘चेस’ या संगीत नाटकात वाजले, त्यांच्या ‘क्रिस्तिना’ या दुसऱ्या संगीत नाटकातही वाजले. 2015 मध्ये ते वारले. 2021 मध्ये ॲबानं जवळपास चाळीस वर्षांनी नवा अल्बम काढला, तेव्हा ते नव्हते.

तर श्रोतेहो, एवढं कराच. घरात कुणाचा तरी बरा हेडफोन असेल, तो मागून घ्या. ‘द नेम ऑफ द गेम’ लावा. आणि एक वेळ त्या दोघींकडे साफ दुर्लक्ष करा. त्यांना राग येणार नाही. त्यांनी तो बेस आपल्याआधी ऐकलाय.